अर्ध्या तासाची विश्रांती

सिडनी नगराच्या पश्चिमेस, ब्लॅकटाउनहून रिचमंडकडे जाणाऱ्या लोहमार्गावर क्वेकर्स हिल हे उपनगर वसले आहे. त्याच्या एका अंगास निरिंबा या नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण परिसर आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तेथे विमानांची धावपट्टी होती. पुढे १९५६ पासून १९९४ पर्यंत ऑस्ट्रेलियन नौदलाने तेथे आपल्या शिकाऊ कारागिरांची शाळा चालविली. कवाईत, वर्ग, कर्मशाळा आणि खेळ या सर्वांचे वेळापत्रक तेथे एकाच हाताने आखले जात असे. केव्हा धावावयाचे आणि केव्हा पुस्तक उघडावयाचे, हे त्या मुलांना कोणास विचारावे लागत नसे. वेळ झाली की हुकूम होई. नौदल गेले आणि ते हुकूमही गेले. आज त्याच भूमीवर वरिष्ठ वर्गांचे विद्यालय, तांत्रिक शिक्षणाची संस्था व विद्यापीठाचे आवार आहे. आणि तेथील विद्यार्थ्यांना आपल्या दिवसाची वाटणी आपणच करावी लागते. ज्याच्या खांद्यावर एकच पिशवी आहे त्याला ही वाटणी जड जात नाही. एका खांद्यावर पुस्तकांची आणि दुसऱ्यावर खेळाच्या बुटांची अशा दोन पिशव्या ज्याने घेतल्या आहेत, त्याची गोष्ट निराळी.

या परिसरापासून चालत जाण्याच्या अंतरावर एक घर आहे. त्या घराचे नाव सांगण्याची आवश्यकता नाही. या स्मरणिकेच्या वाचकांना अशी अनेक घरे परिचयाची असतील. घरात आजी आहेत, मुलगा व सून आहेत आणि दोन नातवंडे आहेत. कुटुंब मॉरिशसहून आलेले, आणि त्याही पलीकडे पाहू गेल्यास चिपळूणकडचे. आजींचा जन्म मॉरिशसचा. गणेशचतुर्थीस झाकरीची गाणी ऐकत त्या वाढल्या, आणि अद्यापही त्यांच्या एका वाक्यात मराठी व क्रिओल सुखाने शेजारी बसतात. थोरली नात विद्यापीठाच्या पहिल्या वर्षास असून ती आठशे मीटर धावते. ही शर्यत मोठी फसवी. चारशे मीटरच्या मार्गाचे अवघे दोन फेरे. परंतु पहिल्या फेऱ्यात जो उतावीळ झाला तो दुसऱ्या फेऱ्याच्या शेवटच्या वळणावर संपतो, आणि पहिल्या फेऱ्यात ज्याने फार जपले त्याला पुढे कितीही धावून अंतर भरून काढता येत नाही.

एका हंगामात असे घडले की, एका मोठ्या स्पर्धेची प्राथमिक फेरी आणि महाविद्यालयातील एक अनिवार्य चाचणी एकाच सकाळी आली. घरात दोन दिवस शांतता राहिली, म्हणजे जिला शांतता म्हणतात ती. आईचे म्हणणे होते की शर्यती काय, पुष्कळ येतील. मुलीचे म्हणणे होते की चाचण्याही पुष्कळ येतील. बाबा दोघींकडे पाहत आणि गप्प राहत. आजींनी मात्र निकाल दिला. त्या म्हणाल्या, ‘‘बाय, एक दीस चुकला की दोन जातात.’’

हे वाक्य त्या मुलीला म्हणीसारखे वाटले असेल. ते म्हणीसारखे नव्हते. तो हिशेब होता. १८३४ पासून भारतातून करारबद्ध मजूर मॉरिशसला जाऊ लागले, आणि मुंबई बंदरातून जहाजावर चढलेल्यांत कोकणातील मराठी कुटुंबे होती. उसाच्या मळ्यांवर त्या काळी ‘डबल कट’ नावाची रीत होती: एक दिवस कामावर न आल्यास दोन दिवसांची मजुरी कापावयाची. पणजीने आजीला, आजीने आईला आणि आईने मुलीला सांगत सांगत ती रीत मळ्याच्या वहीतून निघून घराच्या बोलीत येऊन बसली, आणि कापणारा हात नाहीसा झाल्यावरही बोलीतून गेली नाही. १८७९ पासून फिजीला गेलेल्या गिरमिटियांच्या घरांतूनही याच जातीच्या आठवणी निघतील. तेथे नेमून दिलेले काम संध्याकाळपर्यंत पुरे न झाल्यास मजुरी बुडे, आणि कुलंबराकडे दाद मागावयास जाणे म्हणजे आपण होऊन त्याच्या नजरेत भरणे. मळ्यावरचा माणूस पहिला धडा शिकला तो हा, की मागू नये. दुसरा धडा त्याने स्वतःच स्वतःला घालून दिला: ज्या शरीराचा करार झाला त्या शरीरावर विसंबू नये, मुलाच्या हाती पुस्तक द्यावे. आज डॉक्टर, शिक्षक, वकील आणि हिशेबनीस म्हणून जी नावे अभिमानाने घेतली जातात, ती सारी या दुसऱ्या धड्याची फळे आहेत. तेव्हा नातीने पुस्तक बाजूस ठेवून पायांवर विसंबावे, हे आजींना न रुचल्यास त्यांना जुन्या वळणाच्या म्हणून हसणे योग्य नव्हे. खेळ हा त्यांच्या दृष्टीने श्रमाचाच सख्खा भाऊ.

चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून देशावर गेले की कृष्णा आणि कोयना यांच्या संगमावरचे कऱ्हाड लागते. त्याच्या जवळच गोळेश्वर नावाचे खेडे आहे. आजींचे पूर्वज घाटाच्या खालच्या अंगाने समुद्राकडे गेले. घाटाच्या वरच्या अंगाच्या या खेड्यात, १५ जानेवारी १९२६ रोजी, खाशाबा दादासाहेब जाधव यांचा जन्म झाला. स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातील पहिले ऑलिंपिक पदक मिळवून देणारे ते हेच. त्यांचे नाव बहुतेकांनी ऐकले आहे. हे पदक मिळाले त्या सुमारास ते महाविद्यालयीन विद्यार्थी म्हणून घडलेले मल्ल होते, हे मात्र सांगताना पुष्कळदा राहून जाते.

वडील स्वतः मल्ल असल्याने तालीम त्यांना घरातच लाभली. तालीम म्हणजे काय, हे परदेशी वाढलेल्या पिढीस थोडे सांगितले पाहिजे. कऱ्हाडचा हा सारा मुलूख समर्थ रामदासांनी स्थापिलेल्या मारुतींचा. शहापूर, मसूर, उंब्रज ही सारी ठिकाणे जवळपासचीच. गावच्या तालमीत मारुतीची मूर्ती असावयाची, आणि तिच्या पुढ्यात लाल मातीचा हौदा. ती माती साधी नसते. तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मुरवितात, म्हणजे अंगाला लागली तरी जखम चिघळत नाही. पहाटे उठून जोर आणि बैठका मारावयाच्या, माती खणावयाची, मग लढत. आणि त्यावर दूध, तूप, बदाम असा खुराक, जो गरिबाच्या घरी पदराला खार लावूनच येतो. पहाटे तीन तास शरीर असे पिळून काढल्यावर दुपारी वर्गात बसून डोळे उघडे ठेवणे ही आणखी एक कुस्तीच होय, आणि तिला प्रेक्षक नसतात.

कऱ्हाडच्या टिळक हायस्कुलात शिक्षण झाल्यावर खाशाबा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात दाखल झाले. कोल्हापूर म्हणजे शाहू महाराजांनी खासबागेचे कुस्ती मैदान जेथे बांधविले ते नगर. मल्लाला तेथे परकेपणा वाटण्याचे कारण नव्हते. १९४८ मध्ये ते लंडनच्या ऑलिंपिकला गेले. त्यांच्या प्रवासास कोल्हापूरच्या महाराजांचे साह्य होते. फ्लायवेट गटात त्यांना सहावे स्थान मिळाले. त्या काळी हे यश लहान नव्हते. पण या सहाव्या स्थानाचा अर्थ नीट लावला पाहिजे. मातीत वाढलेला हा मल्ल तेथे प्रथमच मॅटवर उतरला. मातीत पाय रुततो, मॅटवर सरकतो. मातीतील कुस्तीचे आणि आंतरराष्ट्रीय फ्रीस्टाइल कुस्तीचे नियम वेगळे, गुण मोजण्याची पद्धत वेगळी. खाशाबा लंडनला मागे पडले ते बळात नव्हेत, अभ्यासात. तेथे रीस गार्डनर या अमेरिकन मल्लाने त्यांना मॅटवरच्या कुस्तीचे शिक्षण दिले, आणि पुढची चार वर्षे त्यांनी जे केले त्याला व्यायाम हा शब्द अपुरा पडतो. त्यांनी एक नवे शास्त्र शिकून घेतले. खेळ आणि अभ्यास यांच्यामध्ये जी भिंत आपण उभी मानतो ती या चार वर्षांत कोठे होती, ते शोधूनही सापडत नाही.

१९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकच्या वेळी ते बँटमवेट गटात आले. निवडीत प्रथम त्यांचे नाव आले नाही. मद्रास येथील स्पर्धेत निरंजन दास यांच्याविरुद्ध अवघ्या एका गुणाने निकाल त्यांच्या विरोधी गेला होता. येथे खाशाबांनी एक गोष्ट केली जिच्याकडे या स्मरणिकेच्या वाचकांनी विशेष लक्ष द्यावे. त्यांनी पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा लढत ठरली, आणि या वेळी गुणांचा प्रश्नच उरू नये अशा रीतीने त्यांनी ती निकालात काढली.

निवड झाली, पण पैसा नव्हता. गावाने आपल्या परीने वर्गणी केली. तीही पुरेना. तेव्हा राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डीकर यांनी आपले राहते घर गहाण टाकले आणि सात हजार रुपये उभे केले. प्राचार्याचा पेशा पुस्तकाचा. विद्यार्थ्याने तालीम सोडून वाचनालयात बसावे असे म्हणण्याचा अधिकार त्या पदाला आहे, आणि असे म्हणणारे प्राचार्य काही दुर्मीळ नसतात. परंतु या गृहस्थांनी आपल्या एका विद्यार्थ्याच्या कुस्तीसाठी डोक्यावरचे छप्पर सावकाराच्या वहीत घातले. खेळ आणि शिक्षण यांचा तोल विद्यार्थ्याने सांभाळावा, असे व्याख्यानांतून नेहमी सांगितले जाते. कोल्हापुरात तो तोल एकट्या विद्यार्थ्याने सांभाळला नाही. तराजूच्या एका पारड्यात एक आख्खे घर टाकावे लागले.

हेल्सिंकीत खाशाबांनी कॅनडाच्या आणि मेक्सिकोच्या मल्लांना चीत केले. जर्मनीच्या मल्लावरही मात केली. पुढे जपानच्या शोहाची इशीशी त्यांची गाठ पडली. ती लढत लांबली, आणि अखेर इशीच्या बाजूने गेली. सुवर्णपदक पुढे त्याच इशीने मिळविले. घाम निथळत खाशाबा मॅटवरून उतरले न उतरले तोच त्यांना सोव्हिएत संघाच्या रशीद मम्मदबेयोव्हशी लढावयास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांमध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती मिळाली पाहिजे, असा नियम होता. नियम कागदावर होता, आणि तो खाशाबांच्या बाजूचा होता. पण तो मागावयास त्यांच्या बाजूने तेथे कोणी अधिकारी उपस्थित नव्हता. थकलेला मल्ल तसाच उतरला, हरला, आणि कांस्यपदक घेऊन घरी आला.

मद्रासला त्यांनी स्वतः दाद मागितली होती. हेल्सिंकीत, परक्या भाषेत, धापा टाकीत, ती मागावयाची कोणी? नियम नसता तर हा प्रसंग दैवाचा म्हणून सोडून देता आला असता. नियम होता, म्हणून तो सलतो.

कऱ्हाडला मात्र स्वागतात काही उणे राहिले नाही. स्थानकापासून गोळेश्वरपर्यंत शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. त्यानंतर खाशाबांनी जे केले ते मिरवणुकीपेक्षाही सांगण्यासारखे आहे. त्यांनी कोल्हापुरात कुस्त्यांची दंगल भरविली, आणि तिच्या उत्पन्नातून प्राचार्यांचे घर सोडविले. १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. सहाय्यक आयुक्त म्हणून निवृत्त झाल्यावर निवृत्तिवेतनासाठीही त्यांना झगडावे लागले. १९८४ मध्ये एका रस्ता-अपघातात त्यांचा अंत झाला. अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर, २००० मध्ये. वैयक्तिक खेळातील पुढचे भारतीय पदक येण्यास १९९६ साल उजाडावे लागले. मधली चव्वेचाळीस वर्षे या एका कांस्यपदकाने एकट्याने काढली. पदकाने पोट भरत नाही असे जे आयाबाया म्हणतात, त्यांस खाशाबांच्या चरित्रात पुरावा सापडेल, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पोट भरण्यासाठी त्यांना नोकरीच करावी लागली.

याच महाराष्ट्रात तोल सुखाने साधल्याचीही उदाहरणे आहेत, आणि तीही थोडक्यात सांगितली पाहिजेत. दिनकर बळवंत देवधर हे पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक होते. पन्नाशीच्या उंबरठ्यावर असताना त्यांनी महाराष्ट्राच्या संघाचे नेतृत्व करून १९३९-४० आणि १९४०-४१ अशी लागोपाठ दोन वर्षे रणजी करंडक जिंकून दिला. त्यांच्या मुली बॅडमिंटनमध्ये राष्ट्रीय कीर्तीच्या झाल्या. एकाच घरात धातुरूपे आणि धावा दोन्ही मोजल्या जात असतील! उलट अजित वाडेकरांची गोष्ट पाहा. वडिलांची इच्छा मुलाने गणित शिकून अभियंता व्हावे अशी. एल्फिन्स्टन महाविद्यालयात जाताना बसमध्ये वरच्या वर्गातल्या बाळू गुप्ते यांनी विचारले, संघात बारावा गडी म्हणून येतोस का? दिवसाला तीन रुपये भत्ता होता, आणि त्या भत्त्यासाठी वाडेकर तयार झाले. अभियंता होणे राहून गेले; १९७१ मध्ये त्यांच्या नेतृत्वाखाली भारताने वेस्ट इंडीजमध्ये आणि इंग्लंडमध्ये प्रथमच कसोटी मालिका जिंकल्या. तीन रुपयांचा इतका परतावा क्वचितच कोणास मिळाला असेल. तथापि असे भाग्य गृहीत धरून कोणत्याही आईबापांनी मुलाचे गणित सोडवू नये.

आता पुन्हा क्वेकर्स हिलच्या त्या घराकडे वळले पाहिजे, कारण तेथे निकाल लागावयाचा राहिला आहे.

ज्या देशात हे कुटुंब येऊन राहिले आहे तेथे विद्यार्थी-खेळाडूंसाठी नियम पुष्कळ आहेत. न्यू साउथ वेल्सची बारावीची परीक्षा एकाच वर्षात देण्याचे बंधन नाही. विषय वाटून घेऊन ती पाच वर्षांपर्यंत पुरी करता येते. (पाच वर्षे! गिरमिटाची मुदतही बहुधा तेवढीच असे, हे सहज आठवते.) वरच्या पातळीवर खेळणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी अनेक विद्यापीठांनी परीक्षेची तारीख बदलून देणे, उपस्थितीत सूट देणे, अभ्यासक्रम कमी विषयांनी अधिक काळात पुरा करू देणे अशा सोयी ठेविल्या आहेत. परंतु या सोयी दारापर्यंत चालत येत नाहीत. अर्ज करावा लागतो, प्रशिक्षकाचे पत्र जोडावे लागते, मुदतीच्या आत जाऊन कोणास तरी सांगावे लागते की मला हे हवे आहे. ज्या घरांत मागण्याची सवय आहे त्या घरांतील मुले हे सहज करतात. ज्या घरांत चार पिढ्या न मागण्यात शहाणपण मानले गेले, तेथील मुले निमूटपणे एक पिशवी खाली ठेवून देतात, आणि मग लोक म्हणतात, आमच्या मुलांना खेळाची आवडच नाही.

ती मुलगीही पिशवी खाली ठेवण्याच्या बेतात होती. तिच्या प्रशिक्षिकेने विचारले, ‘‘तू त्यांना विचारलेस का?’’ विचारले नव्हते. विचारावयाचे असते हेच तिला ठाऊक नव्हते. घरी येऊन तिने हे सांगितले तेव्हा बाबांनी दोन दिवसांत प्रथमच तोंड उघडले. ते एका गोदामात पाळीवर काम करतात. त्यांनी आपल्या मुकादमाकडे अर्ध्या दिवसाची रजा मागितली. इतक्या वर्षांत सण आणि सुतक सोडून मागितलेली ही पहिलीच रजा. मुलगी सज्ञान असल्याने कार्यालयात बोलावयाचे तिनेच होते. बाबा बाहेरच्या बाकावर, मांडीवर तिच्या बुटांची पिशवी घेऊन बसले. आत जाताना तिने दोनदा मागे वळून पाहिले.

काम दहा मिनिटांत झाले. समोरच्या बाईंनी अर्ज घेतला, पत्र वाचले आणि चाचणीसाठी पाच दिवसांनंतरची तारीख लिहून दिली. कोणी रागावले नाही. कोणी वहीत काही कापले नाही.

शर्यतीत ती पाचवी आली. पुढच्या फेरीस पात्र झाली नाही. मात्र तिची वेळ पूर्वीपेक्षा सुधारली होती. परतीच्या वाटेवर मोटारीत तिने चाचणीची वही उघडली, आणि ब्लॅकटाउन येईपर्यंत तिला झोप लागली. पाच दिवसांनी तिने चाचणी दिली, आणि ती उत्तीर्ण झाली. फार चमकदार नव्हे, बरी.

त्या संध्याकाळी आजींनी तिला जवळ बोलावले आणि हळूच विचारले, ‘‘मग, किती दीस कापले गो तुझे?’’

‘‘एकही नाही, आजी.’’

आजींचा विश्वास बसला नाही. रात्री मुलगा कामावरून आल्यावर त्यांनी त्यालाही तेच विचारले.